वॅगन आरच्या मागच्या दिव्यांत एलईडी : सात महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिल महिन्यात मी माझ्या २०१३ सालच्या वॅगन आरच्या मागच्या दोन्ही दिव्यांत एलईडीचे खास बनवून घेतलेले बोर्ड बसवून घेतले. काम पुण्याच्या नाना पेठेतील एका लहानशा दुकानात झाले, बिल ७,४०० रुपये झाले आणि त्याच कामासाठी मला त्या दुकानाची पायरी नंतर आणखी तीन वेळा चढावी लागली. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या चुका झाल्या त्या या कामात सर्रास होतात, असे चार ठिकाणी चौकशी केल्यावर माझ्या लक्षात आले आणि या दुकानाने निदान त्या कुरकुर न करता निस्तरल्या.

हे काम निव्वळ हौसेपोटी केले असे नाही. गेल्या वर्षी भर पावसात ताम्हिणी घाट उतरताना धुक्यात मागून येणारा टेम्पो माझ्या गाडीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला आणि त्याच्या चालकाने काच खाली करून, "साहेब, तुमचा दिवा पेटतोय का विझलाय तेच कळत नाही," असे सुनावले. घरी येऊन पाहिले, तेव्हा दोन्ही बल्ब आतून काळवंडलेले होते आणि त्यांच्यामागची रुपेरी चकाकी उष्णतेने पार मळकट झाली होती. या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. पाच वॅटची तार पार्किंगसाठी आणि एकवीस वॅटची ब्रेकसाठी. नवे बल्ब घालून थोडा फरक पडला, पण परावर्तकच, म्हणजे प्रकाश मागे फेकणारा तो रुपेरी भागच, गेलेला असल्यामुळे तो फरक समाधान वाटावे इतका नव्हता.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जुना बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब घालणे. मी आधी तोच करून पाहिला आणि अडीचशे रुपये वाया घालवले. बल्ब पांढऱ्या प्रकाशाचा होता. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्या-पिवळ्याचा भाग मोठा आणि लालचा भाग लहान असतो. लाल काच लाल तेवढेच बाहेर सोडते आणि बाकीचे गिळून टाकते. त्यामुळे हातात धरल्यावर डोळे दिपवणारा तो बल्ब दिव्यात गेल्यावर फिकट गुलाबी दिसू लागला. लाल काचेमागे लालच एलईडी हवी, हे तेव्हा समजले. शिवाय मूळ परावर्तक ज्या बिंदूवर तार असते त्या बिंदूसाठी घडवलेला असतो. एलईडी बल्बचे ठिपके चारी बाजूंना विखुरलेले असल्यामुळे प्रकाशाचे पट्टे पडतात आणि दिव्याचा अर्धा भाग अंधारातच राहतो. म्हणून परावर्तक बाजूला ठेवून संपूर्ण जागा भरेल असा बोर्डच घालायचा, या निर्णयावर मी आलो.

दुकानदारांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली आणि ती मला आवडली. हेडलाइटची काच मऊ चिकट पट्टीवर बसवलेली असते आणि गरम केली की ती सुटते. मागच्या दिव्याची काच मात्र कारखान्यातच वितळवून जोडलेली असते, त्यामुळे ती कापूनच उघडावी लागते आणि एकदा कापल्यावर मूळ दिवा मूळ राहत नाही. म्हणून मी रविवारच्या जुन्या बाजारातून वापरलेल्या दिव्यांची जोडी आणून दिली आणि माझे मूळ दिवे घरी ठेवले. कापण्याचे काम त्यांच्या कारागिराने माझ्यासमोर केले. बारीक गोल पाते फिरवत त्याने काचेच्या कडेने इतकी सरळ रेघ मारली की, बंद केल्यानंतर जोड शोधायला बोट फिरवावे लागते. प्रत्येक दिव्यात पस्तीस लाल एलईडी, पाच-पाचच्या सात ओळींत. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात. पाच एका ओळीत घेतल्या की दहा व्होल्ट होतात आणि उरलेले दोन-चार व्होल्ट रेझिस्टरच्या, म्हणजे प्रवाहाला आवर घालणाऱ्या भागाच्या, वाट्याला जातात. गाडी बंद असताना बारा आणि चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट मिळतात, हे धरून केलेला हा हिशेब चोख होता. सोल्डरिंगही स्वच्छ होते.

दिवे बसवून मी दिमाखात घरी आलो. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागच्या भिंतीकडे तोंड न करता पाठ करून लावली, पार्किंग लाइट चालू केले आणि ब्रेक लावल्यावर कसे दिसते ते बघायला मुलीला मागे उभे केले.

"बाबा, दाब ना आता."

"अगं, केव्हाचा दाबलाय."

या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाची चूक ती हीच. दुकानाने बोर्ड असा बनवला होता की, पार्किंगच्या वेळी तो जवळजवळ निम्म्या तेजाने पेटत होता आणि ब्रेकच्या वेळी पूर्ण तेजाने. दुप्पट तेज म्हणजे ऐकायला पुष्कळ वाटते, परंतु आपल्या डोळ्याला दुप्पट प्रकाश दुप्पट भासत नाही, जेमतेम थोडा वाढल्यासारखा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत एकाच दिव्यात दोन्ही कामे असतील तर ब्रेकचे तेज पार्किंगच्या किमान पाचपट असावे, अशी अट आहे आणि तिचे कारण मला त्या रात्री भिंतीवरच्या लाल उजेडाने दाखवून दिले. दिवे जुन्यापेक्षा कितीतरी झगझगीत झाले होते आणि तरीही मागच्या चालकाला मी थांबतो आहे हे कळण्याची शक्यता आधीपेक्षा कमी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तेव्हा कारागिराने पार्किंगच्या वाटेवरचा रेझिस्टर बदलून पार्किंगचे तेज उतरवले. त्याच्या चेहऱ्यावर मात्र कष्टाने शिजवलेल्या भाजीत कोणी पाणी ओतावे तसा भाव होता. "साहेब, लोक तर उलटं वाढवून मागतात," तो म्हणाला. मागत असतील.

दुसरी चूक गमतीची होती. भरदिवसा, सर्व दिवे बंद असताना, ब्रेक दाबला की नंबर प्लेटवरचा दिवा मिणमिणायचा. ब्रेकच्या तारेतून बोर्डात आलेला प्रवाह पार्किंगच्या तारेतून उलटा बाहेर पडत होता आणि त्या तारेवरच्या इतर दिव्यांपर्यंत पोहोचत होता. जुन्या बल्बमध्ये दोन तारा वेगळ्या असल्यामुळे हा प्रश्न उद्भवतच नाही. उपाय एका डायोडचा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या, मुगाच्या शेंगेच्या तुकड्याएवढ्या भागाचा. दोन्ही बाजूंना तो बसवायला पंधरा मिनिटे लागली. पैसे घेतले नाहीत.

इंडिकेटरबाबत मात्र माझे आणि दुकानदारांचे शेवटपर्यंत जमले नाही. त्यांना तेथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाणारी पिवळी पट्टी लावायची होती, कारण ती "एकदम प्रीमियम" दिसते. मी साधी पिवळी एलईडी लावू दिली आणि लगेच इंडिकेटर दुपटीने लपलपू लागला. एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या पाव भागही घेत नाही, आणि गाडीची यंत्रणा समजते की बल्ब उडाला आहे. त्यावर सगळीकडे एकच तोडगा मिळतो. सहा ओहमचा, पन्नास वॅटचा सोनेरी रेझिस्टर जोडायचा आणि बल्बने खाल्ली असती तेवढी वीज त्याला खाऊ घालायची. त्यांनी तो डिक्कीच्या आतल्या कापडी अस्तराला टेप लावून चिकटवला होता. पाच मिनिटे इंडिकेटर चालू ठेवून मी त्याला बोट लावले आणि लगेच काढून घेतले. पेटलेल्या क्षणी तो सुमारे तीस वॅट उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा त्याची जागा पत्र्यावर, स्क्रूने घट्ट बसवलेली असायला हवी, कापडावर मुळीच नाही. पण मूळ आक्षेप वेगळाच आहे. जलद लपलपणे ही चालकाला मिळणारी सूचना आहे. रेझिस्टर बसवला की एलईडी उद्या बंद पडली तरी आत सगळे ठीक चालल्यासारखे दिसत राहणार. मी रेझिस्टर आणि एलईडी दोन्ही काढायला लावून जुना बल्ब परत घेतला. इंडिकेटरच्या या कामाचे नऊशे रुपये बिलातून वजा झाले नाहीत, हे नमूद करतो.

जूनमध्ये उजव्या दिव्याच्या काचेला आतून दव धरले. जोड बंद करण्यासाठी वापरलेल्या सिलिकॉनला पहिल्या दिवशी व्हिनेगरसारखा वास येत होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. असा वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि बंद डब्यात ते तांब्याच्या तारांना व सोल्डरला खाऊ लागते. विजेच्या कामासाठी वास न येणारे, आम्ल न सोडणारे सिलिकॉन मिळते आणि ते थोडे महाग असते. दिवा उघडला तेव्हा एका कोपऱ्यातील तारेवर हिरवट थर आलेला होताच. शिवाय दिव्याच्या मागे हवा खेळण्यासाठी असलेले बारीक छिद्रही त्याच सिलिकॉनने बुजवले होते, त्यामुळे आत शिरलेली वाफ बाहेर पडायला वाट उरली नव्हती. दुकानदारांनी दोन्ही दिवे उघडून, खरवडून, पुन्हा बंद करून दिले. या वेळी त्यांनी स्वतःच, "पाऊस संपला की एकदा दाखवून जा," असे सांगितले.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात सांगतो. मागे लाल, इंडिकेटरला पिवळा आणि नंबर प्लेटवर पांढरा, ही रंगांची व्यवस्था आपल्या मर्जीची नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि रात्री नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. त्याच दुकानाच्या दर्शनी भागात काळी फिल्म लावलेले दिवे आणि निळसर ब्रेक लाइट मांडलेले होते. त्यांच्याकडे मी पाहिलेही नाही आणि इतरांनीही पाहू नये. गाडी वॉरंटीत असेल तर तारांना हात लावण्यापूर्वी त्या कागदांवर नजर टाकलेली बरी.

या कामाचा खरा लाभ ऑगस्टमध्ये जाणवला. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा काही अंश जातो, एलईडी तत्क्षणी पेटते. हा फरक पाव सेकंदाच्या आतच असतो, पण ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. मागच्या गाडीला त्यातले चार मीटर मिळाले तरी घाटात ते पुष्कळ झाले. त्याच ताम्हिणीत, त्याच धुक्यात, माझ्या मागे आलेला मित्र म्हणाला की, गाडी दिसण्याच्या आधी दिवे दिसतात आणि ब्रेक लागला की लगेच कळते. एवढ्यासाठी साडेसहा हजार मी आनंदाने दिले असते, वरचे नऊशे अजून सलतात.

कारागिराच्या हाताला मी पूर्ण गुण देतो आणि विजेच्या समजेला निम्मे. काम सोपवणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी अंधारात, भिंतीसमोर, पार्किंग लाइट चालू ठेवून ब्रेक दाबून बघावा, आणि सिलिकॉनचा वास घ्यावा. गेल्या आठवड्यात डाव्या दिव्यातील पाच एलईडींची एक पूर्ण ओळ बंद पडली. दुकानदारांनी फोनवर मंगळवारी गाडी आणायला सांगितले आहे आणि तोपर्यंत मूळ दिवे माळ्यावरून काढून मी डिक्कीत टाकून ठेवले आहेत.