उनकेश्वर: तंबू की माहूरचा मुक्काम?

मराठवाड्याचा बहुतेक काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो कधीच निवला. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं त्याच्या धगीवर तापत नाहीत. भेगांतून खोल मुरलेलं पाणी भूगर्भातल्या उष्णतेने तापून वर येतं.

हे बघायचं तर तंबूच. पौषातल्या पहाटे कुंडावरची वाफ दिसते, गंधकाचा वास जाणवतो. उन्हं चढली की वाफ विरते. फक्त गावात विचारूनच तंबू ठोका, पैनगंगेच्या पात्रापासून लांब. आणि कुंडात साबण अजिबात नको, ते लोकांच्या श्रद्धेचं पाणी आहे.

माहूरला खोली मिळते, रेणुकामातेचं दर्शन होतं. म्हातारी माणसं सोबत असतील किंवा पावसाळा असेल, तर तेच बरं.