पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलायचेत: रबर, पॉलियुरेथेन की बेअरिंग?

स्पोर्ट्स कार जुनी झाली की काही गोष्टी हळूहळू अंगवळणी पडतात. खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक’ असा आवाज येतो, ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग सावरत बसावं लागतं. टायरची आतली कड आधी झिजलेली दिसली, की संशय कंट्रोल आर्मच्या (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशवर, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या लवचीक गादीवर जातो. अर्थात असाच आवाज बॉल जॉइंटचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा) किंवा अँटीरोल बारच्या (वळणावर गाडीचा कल रोखणारी दांडी) लिंकचाही असतो, म्हणून सुटे भाग मागवण्याआधी गाडी उचलून टॉमीनं (लोखंडी पहारीनं) आर्म हलवून बघा. रबर फाटलेलं, आतल्या नळीपासून सुटलेलं किंवा तेलानं फुगलेलं दिसलं, तर शंका मिटली.

मग प्रश्न येतो काय बसवायचं याचा. बहुतेक चर्चा ‘कडक हवं की मऊ’ इथेच अडकते. माझ्या मते खरा फरक वेगळाच आहे: रबराचा बुश पिळला जातो, पॉलियुरेथेनचा बुश घसरतो. हे एकदा नीट समजलं की निम्मा निर्णय झालाच.

रबराच्या बुशमध्ये एक आतली नळी असते आणि एक बाहेरची. मधलं रबर दोन्हींना पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसिसला जखडली जाते, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली असते. चाक वर-खाली झालं की मधलं रबर पीळ खातं आणि परत येतं. काहीच घासत नाही, म्हणून ग्रीस लागत नाही आणि बुश शाबूत असेतो आवाजही होत नाही. शिवाय काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे तोच बुश एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला ताठ राहतो. चाक दगडावर आदळलं की ते किंचित मागं सरकू द्यायचं, पण वळणावर आडवं हलू द्यायचं नाही, हा हिशेब त्या पोकळ्यांत असतो. म्हणूनच असा बुश दाबताना त्यावरच्या खुणेची दिशा चुकली, तर नवा भाग घालूनही गाडी विचित्र चालते. काही गाड्यांत पुढच्या आर्मच्या मागच्या बुशमध्ये द्रवही भरलेला असतो. तो गळून गेला की ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरतं. तिथे साधा भरीव बुश घातला तर आवाज जाईल, पण पूर्वी दबली जाणारी थरथर हातापर्यंत पोचेल.

पॉलियुरेथेनचा बुश बहुधा दोन तुकड्यांत येतो, मध्ये स्टीलची नळी. इथे काहीच चिकटवलेलं नसतं, नळी बुशच्या आत फिरते. म्हणजे हा एक प्रकारचा बेअरिंगच झाला, आणि त्याला वंगण लागतं. बनवणारा सांगेल तेच ग्रीस भरायचं. बहुधा ते सिलिकॉनचं, घट्ट आणि पाण्यानं न धुपणारं असतं. त्यात कंजुषी केली की गाडी जुन्या खाटेसारखी करकरायला लागते. ताठपणाचा अंदाज हवा असेल तर शोअर ए या कठीणपणाच्या मापावर गाडीचं रबर साधारण ५० ते ७० असतं आणि पॉली ८० ते ९५. फायदे खरे आहेत. वळणात शिरताना पुढचा भाग लगेच प्रतिसाद देतो, ब्रेकखाली चाकाचा कोन फारसा बदलत नाही, तेलाचा त्रास कमी होतो आणि बरेचसे बुश प्रेसशिवाय हातानं बसतात.

मात्र पॉली कुठे बसवताय याला फार महत्त्व आहे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं उदाहरण घ्या. पुढे डबल विशबोन (वर-खाली असे दोन आर्म), प्रत्येक आर्मला दोन बुश, दोन्ही बाजू मिळून आठ. आर्म दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरतो. अशा ठिकाणी घसरणारा बुश छान काम करतो. पण बऱ्याच मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरच्या आर्मऐवजी स्प्रिंग-शॉकचा खांब असलेल्या) गाड्यांत खालचा आर्म एल आकाराचा असतो आणि त्याचा मागचा बुश उभा बसवलेला असतो. आर्म वर-खाली झाला की त्या बुशला फिरायचं नसतं, कलायचं असतं. रबर कलतं, कडक पॉली अडतं. मग सस्पेन्शन मोकळं हलत नाही, लहान खड्डेही टोचतात, आणि दोष मात्र शॉकअबसॉर्बरला दिला जातो. अशा गाडीत पुढचा बुश पॉलीचा आणि मागचा रबराचा ठेवायला काहीच हरकत नाही. सगळे एकाच रंगाचे हवेत हा हट्ट कशासाठी?

मधला मार्गही असतो: मूळ घडणीचाच, पण कडक रबराचा बुश. काही गाड्यांसाठी कंपन्यांच्या रेसिंग विभागांनीच असे बुश काढले आहेत. रोज चालवायची आणि अधूनमधून ट्रॅकवर न्यायची गाडी असेल, तर मिळाल्यास मी हेच घेईन.

गोलाकार बेअरिंगबद्दल (बुशच्या जागी बसणारा धातूचा गोळीचा सांधा) थोडक्यात. लवचीकपणा जवळपास शून्य, अचूकता सर्वांत जास्त. पण धूळ-पाण्यात ती लवकर झिजतात आणि झिजली की खडखडतात. ट्रेलरवर चढून ट्रॅकला जाणाऱ्या गाडीसाठी ठीक.

आता दुसरी निवड, जिच्यावर लोक कमी वेळ घालवतात: फक्त बुश बदलायचे की अख्खा आर्म? बॉल जॉइंट आर्मातच घडवलेला असेल आणि त्यालाही तेवढीच वर्षं झाली असतील, तर नुसते बुश दाबणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. ॲल्युमिनियमचा आर्म प्रेसखाली नीट आधार न देता ठेवला तर वाकू शकतो, तिथेही अख्खा आर्म बरा. उलट बाजूही आहे. स्वस्त नकली आर्ममधले बुश कोणत्या प्रतीचे आहेत हे बाहेरून कळत नाही. मूळ आर्म सरळ असेल, गंजलेला नसेल, बॉल जॉइंट वेगळा सुटत असेल, तर तोच साफ करून चांगले बुश घालणं मला जास्त पटतं. जुने बुश जाळून काढण्याचा उपाय कुणी सुचवेल. धूर विषारी असतो, करू नका. रबर ड्रिलनं पोखरून बाहेरच्या नळीला हॅकसॉनं चीर दिली की ती सुटते. नवा बुश दाबताना साबणाचं पाणी लावा. तेल किंवा साधं ग्रीस रबराला खातं.

पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा चाकं लोंबकळत असतानाच सगळे बोल्ट पूर्ण आवळले होते. गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत गेलं, आणि नवे बुश जुन्यांच्या मानानं फारच लवकर फाटले. रबराच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. पॉलीला हा नियम लागू नाही, कारण त्यात पीळ साठतच नाही. त्यामुळे उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडी) लावून जो सतत गाडी वर-खाली करत असतो, त्याच्यासाठी पॉलीच्या बाजूनं हा एक सबळ मुद्दा आहे. रबर असेल तर त्याला दर वेळी बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावे लागतील.

काहीही निवडलं तरी दोन्ही बाजू एकदम करा आणि नंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) ठरलेलीच समजा. अलाइनमेंट कॅम बोल्टवर (फिरवून चाकाचा कोन बदलणाऱ्या बोल्टवर) असेल, तर ते जुन्या बुशच्या नळीत गंजून अडकलेले असण्याची दाट शक्यता असते. अनेकदा ते कापूनच काढावे लागतात, म्हणून नवे बोल्ट आणि कॅम आधीच आणून ठेवा. आणि पाना लावण्यापूर्वी प्रत्येक कॅमच्या जागेवर रंगाची एक रेघ मारा, म्हणजे अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत गाडी निदान सरळ चालत जाईल.