मिनी कूपर एस (आर५३): १५ टक्के पुली की १७ टक्के?

२००२ ते २००६ च्या आर५३ मध्ये ईटन एम४५ सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा, बेल्टवर फिरणारा पंप. त्याची पुली (बेल्टचं चाक) लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो, म्हणून मूळपेक्षा १५ किंवा १७ टक्के लहान पुली बसवतात. फरक दोन टक्क्यांचा दिसतो, पण हिशेब करून पाहा. १५ टक्के लहान पुलीने सुपरचार्जर मूळपेक्षा सुमारे १७.६ टक्के जास्त वेगाने फिरतो, १७ टक्क्यांच्या पुलीने २०.५ टक्के. बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) वाढतो, पण हवाही तापते. इंजिनावर बसवलेला छोटा इंटरकूलर (ही हवा थंड करणारा भाग) ती उष्णता पुरेशी काढू शकत नाही; तापलेल्या हवेत नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू झालं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि मिळवलेली ताकद तिथेच जाते.

म्हणून रोजच्या गाडीला १५ टक्केच घ्या. एक पायरी थंड स्पार्क प्लग आणि चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल एवढ्यावर ती नीट चालते. १७ टक्के घ्यायची तर ईसीयूचं ट्यूनिंग आणि मोठा इंटरकूलर आधी.

दोन्हींना मूळपेक्षा आखूड बेल्ट लागतो. जुनाच ठेवला तर ताण कमी पडतो आणि वरच्या आरपीएमवर बेल्ट घसरतो. मूळ पुली शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते. ती खास पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) काढा. हातोडा मारला तर शाफ्टचं बेअरिंग जातं.

काम उघडलंच आहे तर क्रँक पुलीचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरच्या पुलीचं) रबरही तपासा, ते सुटतं. आणि वॉटर पंप सुपरचार्जरच्याच गिअरवर चालतो, तोही आता जास्त वेगाने फिरणार. त्या गिअरचं तेल याच वेळी बदला.