कॉक्रमच्या नावाने गळ्यात मारलेलं चित्र

अमेरिकन कॉमिक्सचा चित्रकार डेव्ह कॉक्रम याच्या हातचं अस्सल पेन्सिल-चित्र म्हणून जे साडेअकराशे डॉलरला माझ्या गळ्यात मारलं गेलं, ते कॉक्रमचं नव्हतं. लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, छापील मुखपृष्ठ ठेवून कुणीतरी ते गिरवलं होतं. पैसे बुडाले. इथे न्यू जर्सीत माझ्या ओळखीतच चार-पाच मराठी मंडळी जुन्या कॉमिक्सची मूळ चित्रं जमवतात. पुण्या-मुंबईतूनही लोक ऑनलाइन मागवायला लागलेत. म्हणून हा भामटा काम कसं करतो ते सविस्तर लिहितोय.

आधी हे कळायला हवं की तो नेमकं काय विकतो. ऐंशीच्या दशकात मुंबईत आम्हाला एक्स-मेन, म्हणजे अचाट शक्ती असलेल्या टोळीचं कॉमिक, मिळायचं ते फाउंटनच्या फुटपाथवर, परदेशी रद्दीच्या ढिगात. क्रमाने कधीच नाही. १९८० सालच्या अंकात त्यातली नायिका जीन ग्रे चंद्रावर मरते. मला ते आधी तिच्या अंत्यविधीच्या अंकातून कळलं आणि मरणाचा अंक बऱ्याच वर्षांनी हाती लागला. गोष्ट अशी तुकड्यातुकड्यांत, पण चित्रं मात्र पाठ. कॉमिकमध्ये एक जण पेन्सिलने काढतो आणि बऱ्याचदा दुसरा त्यावर शाई फिरवतो; जॉन बर्नची पेन्सिल आणि टेरी ऑस्टिनची शाई असलेल्या पानावर एका चौकटीत सात जण उभे असले तरी नुसत्या सावलीवरून कोण कोण ते ओळखता यायचं. वुल्व्हरिन कायम वाकलेला, स्टॉर्म ताठ, नाइटक्रॉलर कुठेतरी भिंतीला चिकटलेला. एकट्या नायकाचं कॉमिक काढणं त्या मानाने सोपं. टोळी काढताना गर्दी होऊ न देणं, ही खरी कारागिरी.

आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे १९७५ चा ‘जायंट-साइझ एक्स-मेन’चा पहिला अंक. लेखक लेन वीन, आतली चित्रं कॉक्रमची. १९७० पासून एक्स-मेनच्या मासिकात जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या जात होत्या, ते या अंकाने जिवंत केलं. मुखपृष्ठावर जुनी मंडळी कागदावर चितारलेली, आणि तोच कागद फाडून कोलोसस, स्टॉर्म, नाइटक्रॉलर, वुल्व्हरिन बाहेर झेपावतायत. आमच्या वयाच्या माणसाला हे चित्र दाखवलं की तो हळवा होतो. भामट्याने गळाला लावलं ते हेच चित्र.

तो म्हणाला, हे त्या मुखपृष्ठाचं ‘प्रिलिम’ आहे. म्हणजे पक्कं चित्र काढण्याआधीचं कच्चं रेखाटन. हा माणूस अडाणी नव्हता. नाइटक्रॉलरची कल्पना कॉक्रमने आधी डीसी या दुसऱ्या प्रकाशकाच्या ‘लीजन ऑफ सुपर-हिरोज’साठी केली होती आणि ती तिथे नाकारली गेली, हे त्याने मला मी न विचारता सांगितलं. मी विचारलं, मुखपृष्ठाचं पेन्सिलकाम तर गिल केनचं आणि शाई कॉक्रमची, मग कॉक्रमचं पेन्सिल-रेखाटन आलं कुठून? उत्तर तयार होतं: कॉक्रमने आराखडा दिला, केनने त्यावरून काढलं. ऐकायला पटण्यासारखं. आणि पडताळायचं कोणाकडे? केन २००० साली गेले, कॉक्रम २००६ साली. असल्या धंद्यात हयात नसलेला चित्रकार फार सोयीचा असतो.

चित्र हाती कसं आलं याचीही कहाणी होती. जुन्या काळी प्रकाशकाच्या वखारीतून पानं गहाळ व्हायची, त्यातलंच हे, कुणा कर्मचाऱ्याच्या घरून आलेलं. यातला पहिला भाग खराच आहे. साठच्या दशकातली ढिगाने पानं परत मिळालीच नाहीत. जॅक कर्बीसारख्या नामांकित चित्रकाराला आपलीच चित्रं परत मिळवायला ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षं भांडावं लागलं. खऱ्या इतिहासाला आपलं खोटं शेपूट जोडायचं, ही त्याची रीत. सोबत ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ होतं, सोनेरी शिक्क्याचं. ते त्याने स्वतःच छापलेलं होतं. असल्या प्रमाणपत्राची किंमत त्याच्या कागदाइतकीही नाही.

मग पैशांचा विषय. तो म्हणाला, ऑनलाइन मित्र-नातेवाईकांना पैसे पाठवायचा जो पर्याय असतो त्याने पाठवा, कमिशन वाचेल, ते मी तुम्हाला सूट म्हणून देतो. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, आणि सूट नेमकी त्याचीच असते. पैसे पोचेपर्यंत दिवसाला दहा निरोप. पोचल्यावर चार दिवसांत पार्सल, आणि नंतर शुकशुकाट.

बिंग फुटलं ते एका कॉमिक संमेलनात. मूळ चित्रांचा जुना व्यापारी, पासष्टीचा गृहस्थ. त्याने चित्राचा दर्शनी भाग पाहिलाच नाही. आधी उलटं केलं. मागे काही नाही, कोरं. मग टेबलावरच्या दिव्याखाली तिरकं धरलं आणि म्हणाला, यात खोडलेलं कुठे आहे? खरंच कुठे नव्हतं. प्रिलिम काढतात ते शोधण्यासाठी: हात इथे की तिथे, डोकं थोडं खाली घ्यावं का. एकावर एक पाच रेघा असतात, त्यातली एक पक्की होते. इथे प्रत्येक रेघ पहिल्याच फटक्यात बरोबर जागी पडलेली, दाब सगळीकडे सारखा. शिवाय पेन्सिलच्या रेघेत शाईची जाडी-बारीकी उतरली होती. कुंचल्याने जिथे रेघ फुगते, तिथे यानेही ती दोनदा गिरवून फुगवली होती. आणि सगळ्यात निर्लज्ज गोष्ट म्हणजे छापील अंक जिथे कापलेला असतो, तिथेच चारी बाजूंनी रेघा थांबल्या होत्या. कापणीची कड अजून ठरायचीच आहे असा माणूस तिथे थांबेल कशाला?

तर कोणी ‘मूळ पान’ दाखवलं की सुंदर दिसतं का हे नंतर बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पानं साधारण ११ बाय १७ इंचाच्या जाड ब्रिस्टल बोर्डावर (चित्रकलेच्या जाड गुळगुळीत कागदावर) असतात, छापताना लहान केलेली. साधारण १९६७ च्या आधी बोर्ड याहून मोठा असायचा. त्यामुळे १९६३ सालचं कर्बीचं पान कोणी ११ बाय १७ वर दाखवत असेल तर तिथेच नमस्कार करा. काळा भरलेला भाग तिरका धरून पाहा: खऱ्या शाईत कुंचल्याचे पट्टे दिसतात, प्रिंटरचा काळा एकसारखा सपाट असतो. पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, समासातल्या निळ्या पेन्सिलच्या सूचना, हाताने लिहिलेले संवाद, मागचे शिक्के, असा पसारा हवा. स्वच्छ पान बघून मला आता भीती वाटते. आणि त्या काळचं मूळ पान काळं-पांढरंच असतं. रंगांची सूचना वेगळ्या प्रतीवर द्यायचे. ती प्रत ‘कलर गाइड’ म्हणून वेगळी विकली जाते आणि खूप स्वस्त असते. (काहीजण अतिनील दिवा घेऊन फिरतात, कागद चमकला की नकली म्हणून मोकळे. सत्तरच्या दशकातलाही कागद चमकू शकतो. त्या दिव्यावर विसंबू नका.)

चित्रं नकोत, जुने अंकच घ्यायचेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्स-मेनचा प्रकाशक मार्व्हलने गेल्या काही वर्षांत जुन्या अंकांच्या ‘फॅसिमिली’, म्हणजे हुबेहूब पुन्हा छापलेल्या, आवृत्त्या काढल्यात, जुन्या जाहिरातींसकट. त्याच थोड्या मळवून ‘आजोबांच्या ट्रंकेतला अंक’ म्हणून विकतात. आतल्या पानावरची बारीक अक्षरातली प्रकाशन-माहिती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. १९७४-७५ च्या अंकांत ‘व्हॅल्यू स्टॅम्प’, म्हणजे पानावर छापलेली तिकिटासारखी चित्रं, असायचे, पोरं ते कापून जमवत. वुल्व्हरिन ज्यात पहिल्यांदा पूर्ण दिसतो तो ‘हल्क’चा १८१ वा अंक घ्यायचा असेल तर त्या पानाचा फोटो मागा. स्टॅम्प कापलेला असला तर किंमत धाडकन उतरते, आणि विकणारा फोटो पाठवतो तो फक्त मुखपृष्ठाचा.

हे सगळं एवढं फोफावलंय, कारण पैसा आलाय. ‘सीक्रेट वॉर्स’ या मार्व्हलच्या कॉमिकमधलं, चित्रकार माइक झेकचं एकच पान २०२२ च्या जानेवारीत लिलावात ३३.६ लाख डॉलरला गेलं. त्यामुळे हजार-दीड हजाराचं चित्र स्वस्तात पडल्यासारखं वाटतं, आणि एवढ्या रकमेसाठी वकील लावणं कुणालाच परवडत नाही. भामट्याने आकडा तोलून-मापून ठरवलेला असतो.

मी एफबीआयच्या आयसी३ या, इंटरनेट फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या संकेतस्थळावर तक्रार केली आहे. भारतात असाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.

माझ्यासारखंच तेच मुखपृष्ठ, तीच सही, तोच शिक्का असलेलं ‘प्रिलिम’ टेक्सासमधल्या एका गृहस्थांनाही विकलेलं निघालं. आम्ही दोघांनी फोटो एकावर एक ठेवून पाहिले, रेघ न रेघ जुळली. तो भामटा आता नव्या नावाने जॉर्ज पेरेझ या चित्रकाराची चित्रं म्हणून विकतोय. पेरेझ २०२२ च्या मे महिन्यात गेले, हे त्याच्या हिशेबात बसलं असणार. १९८० च्या ‘न्यू टीन टायटन्स’चं गर्दीचं चित्र, भाव तेराशे डॉलर. टेक्सासच्या गृहस्थांनी गिऱ्हाईक बनून मागच्या बाजूचा फोटो मागितला. उत्तर आलं की चित्र फ्रेममध्ये आहे, काढता येत नाही, पण आजच घेत असाल तर शंभर डॉलर कमी करतो.