असोदा रस्त्यावरचं भरीत, मोठा पडदा आणि पोस्टेकोग्लूचा हिशेब

जळगावातून असोद्याकडे निघालं की लागणाऱ्या या हॉटेलाच्या पाटीवर फक्त 'भरीत-पुरी' लिहिलेलं आहे. शनिवार-रविवारी आत इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग लागते हे बाहेरून कळत नाही, म्हणून फुटबॉलवाला नवा माणूस सरळ पुढे निघून जातो. त्याने थांबावं यासाठी हा अभिप्राय. ताट चांगलं आहे, पडद्याची व्यवस्था बऱ्यापैकी आहे, आणि मॅच संपल्यावरची बैठक जिल्ह्यात दुसरीकडे मिळणं कठीण. सध्या त्या बैठकीत एकच नाव चालतंय, अँज पोस्टेकोग्लू. लंडनच्या टॉटनहॅम क्लबला 17 वर्षांनी चषक मिळवून देणारा आणि पुढच्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून 39 दिवसांत बाहेर पडलेला मॅनेजर.

आधी ताट. वांगी खरी भरिताची आहेत: फिकट हिरवी, मोठी, पातळ सालीची, कमी बियांची. याच जळगावच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाजणी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर होते, गॅसवर नाही, आणि त्याचा वास पहिल्या घासालाच कळतो. सोललेलं वांगं हिरव्या मिरचीसोबत लाकडी बडगीत ठेचतात. मिक्सर वापरला की गराचा धागा तुटतो आणि चटणीसारखा लगदा होतो. इथे धागा शाबूत असतो. फोडणीत तेल, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात, वरून कोथिंबीर. एवढंच, आणि एवढंच हवं. सोबत पुरी देतात, पण कळण्याची भाकरी मागा. ज्वारी-उडदाची ती खरपूस भाकरी या तिखटाला जास्त पेलते.

चूक होते ती उशिराच्या मॅचला. संध्याकाळी भाजून ठेवलेली वांगी दहानंतर ठेचली तर गराला पाणी सुटलेलं असतं, धुराचा वास उडालेला असतो, आणि फोडणी जास्त घालूनही ते भरून निघत नाही. रात्री अकराच्या मॅचला जाणार असाल तर भरीत साडेनऊच्या आत खाऊन घ्या आणि नंतर शेवभाजी मागवा. शेवभाजीतही एक सांगून ठेवावं लागतं: जाड तिखट शेव वेगळ्या वाटीत द्या. काळ्या मसाल्याच्या उकळत्या रश्श्यात शेव आधीच टाकली तर ताट येईपर्यंत तिचा चिखल होतो. मध्यंतर 15 मिनिटांचं असतं आणि स्वयंपाकघरात दोनच माणसं, म्हणून ऑर्डर चाळिसाव्या मिनिटाला द्यावी. शिट्टी वाजल्यावर दिली की दुसरा हाफ सुरू झाल्यावर ताट समोर येतं.

पडदा प्रोजेक्टरचा आहे. खांबामागची दोन टेबलं सोडली तर कुठूनही नीट दिसतं. जोडणी डीटीएचची ठेवलीय हे बरं केलं, कारण मोबाइलच्या अ‍ॅपवरचं चित्र वीस-तीस सेकंद मागे चालतं आणि शेजारच्या टेबलावर कोणाच्या फोनवर गोलची सूचना आली की मजा जाते. प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर आहे, पण सेट-टॉप बॉक्स नाही. दिवे गेले की पडदा उजळलेला राहतो आणि चित्र मात्र बॉक्स पुन्हा सुरू होईपर्यंत येत नाही, त्यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. एक वायर इकडची तिकडे करायचं काम आहे. मालकांनी ते लगेच करून घ्यावं.

आता बैठक. मॅच संपली की गल्ल्यामागचा दरफलक उलटा करतात, मागे खडूने मैदान आखलेलं आहे. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे खेळाडू. तावातावाने बोलणाऱ्याला आधी झाकणं मांडून दाखवावी लागतात, हा इथला नियम, आणि त्यामुळेच चर्चा नुसत्या आरडाओरड्यावर जात नाही.

पोस्टेकोग्लूवरचा वाद सुरू होतो तो गुणतक्त्यापासून. "काय सांगू राह्यला भो, सतराव्या नंबरवर नेऊन ठेवलं क्लबला!" आणि समोरून, "मंग कप कोणी आणला?" दोन्ही खरं आहे. 2024-25 मध्ये टॉटनहॅमने लीगचे 38 पैकी 22 सामने हरले, 38 गुण, वीस संघांत सतरावा क्रमांक. त्याच हंगामात 21 मे 2025 ला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवून युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली. 2008 च्या लीग कपनंतरचा हा त्यांचा पहिला चषक. सोळा दिवसांनी, 6 जूनला, मॅनेजरला काढलं. पण या दोन आकड्यांवर थांबलेली चर्चा अर्धीच राहते. खरी चर्चा झाकणं हलायला लागल्यावर होते.

त्याची पद्धत फलकावर अशी मांडतात. दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू), पोरो आणि उडोगी, कडेला न राहता मधल्या फळीत आत येतात. दोन्ही सेंटरबॅक, म्हणजे मधले बचावपटू, जवळपास मध्यरेषेवर. त्यांच्या पाठीमागे अर्धं मैदान मोकळं आणि ते झाडायला गोलकीपर विकारिओ बाहेर आलेला. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. चेंडू गेला की सगळा भार सेंटरबॅकच्या पायांवर. मिकी व्हॅन डी व्हेन तिथे असेल तर चालतं, कारण जानेवारी 2024 मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध त्याचा वेग ताशी 37.38 किलोमीटर मोजला गेला होता. तो हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून बसला की तीच रचना गळू लागते. 2024-25 मध्ये व्हॅन डी व्हेन, त्याचा जोडीदार सेंटरबॅक रोमेरो आणि विकारिओ तिघेही महिनोन्‌महिने बाहेर होते, आणि मूळ मिडफिल्डर असलेला 18 वर्षांचा आर्ची ग्रे सेंटरबॅकला खेळत होता. निम्म्याहून जास्त पराभवांचं मूळ इथेच आहे, असं फलकासमोर उभ्या असलेल्या बहुतेकांचं मत पडतं. ते पटण्यासारखं आहे.

मात्र दुखापतींचं कारण पुढे करून त्याला पूर्ण सोडवता येत नाही. दर तीन दिवसांनी सामना असताना त्याच वेगाने दाब टाकत राहायचं, सेंटरबॅकला प्रत्येक वेळी पन्नास मीटर मागे पळवायचं, याचा हॅमस्ट्रिंगवर परिणाम होणारच. आणि सेट-पीस, म्हणजे कॉर्नर-फ्री किकसारखे थांबलेल्या चेंडूवरचे डाव. आर्सेनलविरुद्धचा एप्रिल 2024 चा 2-3 चा पराभव आठवा, त्यातले दोन गोल कॉर्नरवरून. मग सप्टेंबरात पुन्हा कॉर्नर, पुन्हा आर्सेनल, गॅब्रिएलचं डोकं, 0-1. ओपन खेळात शंभर गोष्टी बरोबर करायच्या आणि कॉर्नरला गोलकीपरभोवती गर्दी होऊ द्यायची, ही चूक नशिबाची नाही, सरावाची आहे. यावर इथले टॉटनहॅमवालेही त्याची बाजू घेत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ फलकावर मांडला जाणारा सामना 6 नोव्हेंबर 2023 चा, चेल्सीविरुद्धचा. पहिल्या दहा सामन्यांत 26 गुण घेऊन टॉटनहॅम अव्वल होतं. त्या रात्री दोन लाल कार्डं मिळाली, व्हॅन डी व्हेन आणि मॅडिसन दुखापतीने बाहेर गेले, आणि उरलेल्या नऊ जणांची बचावफळी तरीही मध्यरेषेवर. पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत 1-1 होतं, शेवटी 1-4. एक पक्ष म्हणतो, हा हट्ट आहे. दुसरा म्हणतो, खेळाडूंचा विश्वास त्या रात्रीच बसला. दोन्ही पक्षांनी यापुढे लगेच बिल्बाओची झाकणं मांडायला हवीत, कारण तिथे याच माणसाने आघाडी मिळाल्यावर संघ स्वतःच्या गोलजवळ खाली बसवला, चेंडू सोडून दिला आणि व्हॅन डी व्हेनने गोलरेषेवरून चेंडू काढला. म्हणजे खाली बसून बचाव करणं त्याला जमतं. लीगच्या 38 सामन्यांत ते त्याने फार कमी वेळा केलं, आणि त्याच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच असायला हवा.

फॉरेस्टच्या 39 दिवसांवरून त्याची किंमत ठरवणारे चूक करतात. आधीच्या मॅनेजर नुनोच्या हाताखाली 2024-25 मध्ये सातव्या आलेल्या त्या संघाची घडण पूर्ण उलटी होती: सेंटरबॅक मिलेन्कोविच आणि मुरिलो स्वतःच्या पेटीजवळ (गोलसमोरच्या चौकटीजवळ), चेंडू समोरच्याकडे, मग पुढे स्ट्रायकर क्रिस वूडसाठी झटपट हल्ला. अशा सेंटरबॅकना सप्टेंबरात, पूर्वतयारीचा एकही महिना हाताशी नसताना, मध्यरेषेवर आणायचं म्हटलं तर काय होणार? आठ सामने, सहा पराभव, दोन बरोबरी. 18 ऑक्टोबर 2025 ला चेल्सीकडून 0-3 हरल्यावर काही मिनिटांतच हकालपट्टी. दोष क्लबच्या निवडीचा जास्त, पण नोकरी स्वीकारणाऱ्याचाही. 9 सप्टेंबरला समोर कोणते खेळाडू उभे आहेत हे त्याला दिसत होतं.

पुढे काय, यावर बैठकीत अंदाजांचा पाऊस पडतो. त्याचा मागचा रस्ता पाहिला तर उत्तर बरंचसं स्पष्ट आहे. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युवा संघांचं काम सुटल्यावर तो ग्रीसच्या खालच्या विभागात पानाखाइकीपर्यंत गेला होता. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेन रोअरने बोलावलं. दुसऱ्या हंगामात विजेतेपद, आणि त्याच्या पुढच्या हंगामापर्यंत चाललेली सलग 36 सामन्यांची अपराजित मालिका. जपानच्या योकोहामा एफ. मारिनोसमध्ये 2018 ला बारावा, 2019 ला जे-लीग विजेता. स्कॉटलंडचं सेल्टिक त्याच्या आधीच्या हंगामात रेंजर्सच्या 25 गुण मागे होतं, दोन वर्षांत सहापैकी पाच देशांतर्गत चषक त्याचे. प्रत्येक ठिकाणी हंगामापूर्वीची पूर्ण तयारी मिळाली की दुसरं वर्ष फळाला आलं. म्हणून त्याने हंगामाच्या मध्यावर, बुडत्या क्लबची नोकरी पुन्हा घेऊ नये. क्लबनेही त्याला घेताना तीन गोष्टी आधी बघाव्यात: एक तरी खरोखर वेगवान सेंटरबॅक, पेटीबाहेर येणारा गोलकीपर, आणि सेट-पीससाठी वेगळा प्रशिक्षक, ज्याचं बोलणं अंतिम असेल. हे तिन्ही नसेल तर दुसऱ्याला बोलवा.

बैठकीबद्दल एक तक्रार. झाकणं मांडणारे तेच ते चार-पाच जण, आणि मागच्या टेबलांवरच्या कॉलेजच्या पोरांना बोलायला वाव मिळत नाही. त्यातल्या एकाने विचारलेला प्रश्न, सतराव्या क्रमांकावरच्या संघाने लीगमध्ये 64 गोल कसे केले, त्या रात्रीचा सर्वांत चांगला होता आणि तो कुणी पुढे नेला नाही. त्यांना पुढे बसवा.

जाणाऱ्यांसाठी वेळ: थंडीत इंग्लंडच्या शनिवारी दुपारी तीनच्या मॅच इथे रात्री साडेआठला, साडेपाचची अकराला, रविवारची साडेचारची दहाला. मॅचचे वेगळे पैसे नाहीत, माणशी एक ताट घ्यावं लागतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि या सगळ्या वेळा आपल्याकडे तासाने अलीकडे येतात. तोवर भरिताची चांगली वांगीही संपत आलेली असतात, तेव्हा जायचं असेल तर फेब्रुवारीतच जा, आणि खांबामागचं टेबल घेऊ नका.