चाई पडली तेव्हा काय काय केलं आणि पैसे कशात वसूल झाले

मागच्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी वहिनी माझ्या केसात गजरा माळत होती आणि मधेच थांबली. म्हणाली अगं हे काय गं. मी म्हटलं काय, तर तिने माझंच बोट धरून कानाच्या मागे वरच्या बाजूला टेकवलं आणि तिथे केसच नाहीत, नुसतं गुळगुळीत, बाळाच्या गालासारखं. रुपयाचं नाणं बसेल एवढं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, कोंडा नाही काही नाही, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. सगळे पंगतीला बसले आणि मी बाथरूममध्ये मोबाईलने डोक्याचे फोटो काढतेय.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाड्याकडे औषध तयार. शेजारच्या काकूंचं ठाम मत, ही चाई, म्हणजे असा गोल चट्टा पडून केस जातात ती, तिचा किडा असतो, तो केस खातो, गुंज उगाळून लाव. किडाबिडा काही नसतो हे नंतर कळलं पण गुंज विषारी असते एवढं मला तेव्हाही माहीत होतं, सो नाही लावली आणि तुम्हीही लावू नका प्लीज. कांद्याचा रस मात्र लावला, तीन आठवडे, रोज दोनदा. खोटं कशाला बोलू, याच्यामागे अगदीच काही नाही असंही नाही, 2002 मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी यावर अभ्यास केला होता आणि बऱ्याच जणांचे केस आले होते, पण माणसं सगळी मिळून चाळीसच्या आत. माझं म्हणाल तर केस आले नाहीत, डोकं चुरचुरलं, आणि पतसंस्थेत काउंटरवर बसते ना मी, एक आजोबा पासबुक पुढे करत म्हणाले, काय मॅडम आज भजी का? तिथेच कांदा बंद.

मग घाबरून एका चकाचक हेअर क्लिनिकमध्ये गेले, नाव लिहीत नाही. एसी, सोफा, ग्रीन टी. डॉक्टर दिसलेच नाहीत, एका मुलीने कॅमेरा डोक्यावर फिरवला, समोरच्या टीव्हीवर माझी टाळू जमिनीला भेगा पडल्यासारखी दिसायला लागली आणि ती म्हणाली आत्ता नाही केलं तर पूर्ण टक्कल. पीआरपीच्या सहा सिटिंगचं पॅकेज 36 हजार, आजच्या आज बुक केलं तर 28. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून त्यातलं पिवळं पाणी डोक्यात टोचतात. मी मूर्खासारखे 5 हजार भरून आले आणि ते आजतागायत परत मिळाले नाहीत. चाईत पीआरपी ही काही पहिली ट्रीटमेंट नाही हे तिथे कोण सांगणार. वन स्टार, तोही ग्रीन टीसाठी.

शेवटी भावाने ओरडून खऱ्या एमडी स्किनवाल्या मॅडमकडे पाठवलं. तासभर वेटिंग, प्लास्टिकच्या खुर्च्या, फी 500. मॅडमनी छोटं भिंगासारखं यंत्र लावलं आणि मलाही मोबाईलवर दाखवलं, चट्ट्याच्या कडेला तुटके केस, वर जाड आणि मुळाशी निमुळते, अगदी उद्गारचिन्हासारखे. म्हणाल्या ही खूण दिसली की फंगस नाही, चाईच. नखं बघितली, त्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे येतात का ते, घरात थायरॉइड कुणाला विचारलं (आईला आहे) आणि माझीही टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितली. मग समजावलं की आपलीच प्रतिकारशक्ती केसाच्या मुळावर उलटते पण मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. आणि पुढचं वाक्य ऐकून मी चाटच पडले, एवढासा चट्टा बऱ्याचदा वर्षभरात आपोआप भरतो, थांबायचं असेल तर थांबा. म्हणजे एकीकडे 28 हजार आजच भरा आणि इथे डॉक्टर स्वतः म्हणतायत काही नाही केलं तरी चालेल! तिथेच माझा विश्वास बसला.

थांबायचा धीर नव्हता म्हणून इंजेक्शन घेतली. ट्रायमसिनोलोन नावाचं स्टिरॉइड, सलाइनमध्ये पातळ करून, इन्सुलिनच्या बारीक सुईने चट्ट्यात साधारण एकेक सेंटीमीटरवर थेंब थेंब. आठ टोचे. दुखतं, लाल मुंगी चावल्यासारखं, कानाजवळ जरा जास्तच, पण दोन मिनिटांत संपतं. एका वेळचे 700 रुपये, दर पाच आठवड्यांनी, एकूण चार वेळा. सोबत रात्री क्लोबेटासोल हे लावायचं स्टिरॉइड लोशन आणि केस वाढायला 5 टक्के मिनोक्सिडिल. दुसऱ्या इंजेक्शननंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, आणि मी ऑफिसात दिवसभर तिथेच बोट फिरवत बसले. तिसऱ्यानंतर तिथे छोटासा खळगा पडला, याची कल्पना मॅडमनी आधीच दिलेली, त्या वेळी डोस कमी केला आणि आता तो भरत आलाय. मिनोक्सिडिलने कपाळाच्या कडेला लव आली ते मला नाही आवडलं, बंद केलं. एकूण इंजेक्शनला साडेचार स्टार, अर्धा खळग्याचा कापला.

हे सगळं एक-दोन चट्ट्यांसाठी हं. वेटिंगमध्ये एक कॉलेजचा मुलगा नेहमी भेटायचा, टोपी घालून, त्याच्या भुवया पण गेलेल्या. तो टोफासिटिनिब घेत होता. या जॅक इनहिबिटर गोळ्या, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणाऱ्या, त्यातली बॅरिसिटिनिब 2022 मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या गंभीर चाईसाठी मंजूर झाली, पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिब 12 वर्षांवरच्यांसाठी. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी, रक्त, लिव्हर, कोलेस्टेरॉल सगळं बघतात कारण इन्फेक्शनचा धोका असतो, आणि गोळी सोडली की केस परत जाऊ शकतात. त्यामुळे कुणाचं प्रिस्क्रिप्शन बघून मेडिकलमधून आणायची वस्तू नाही ही. त्याच्या आधी त्याने डीपीसीपी पण करून बघितलेलं, ते औषध लावून मुद्दाम डोक्यावर ॲलर्जी आणतात म्हणे. तो म्हणाला ताई, लोक खाज जायला पैसे देतात, मी यायला दिले. शेवटच्या वेळी भेटला तेव्हा टोपी काढून डोकं पुढे केलं, मऊ काळे केस, कटिंग करायच्या लायकीचे.

माझे मात्र आधी पांढरेशुभ्र आले. मी रडकुंडीला, मॅडम म्हणाल्या असंच येतात, रंग मागून येतो. आता निम्मे काळे झालेत. परवा वहिनी तेल लावताना म्हणते, पांढरे तेवढे उपटून टाकू का गं? मी डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं, एकेक केस शंभर रुपयांना पडलाय म्हटलं, हात लावू नकोस.