वाई की भोर? पुण्याहून बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबासाठी

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन तालुक्याच्या गावी राहायला जायचा विचार हल्ली बऱ्याच घरांत चालतो. एकाचं काम घरूनच असतं, दुसऱ्याला आठवड्यातून एक-दोनदा ऑफिसात तोंड दाखवावं लागतं, मुलं प्राथमिक शाळेत असतात आणि आई-वडिलांना चौथ्या मजल्यावर करमत नाही. अशा घरात दोन नावं हमखास निघतात, भोर आणि वाई. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्ही नदीकाठची, दोन्हींना जुन्या वैभवाचा वारसा आणि दोन्हींच्या डोक्यावर धरण. मधे मांढरदेवीचा डोंगर तेवढा आडवा.

नकाशावर ही गावं जुळी वाटली तरी तिथलं रोजचं जगणं फार निराळं आहे. लोक निवड करताना रविवारच्या फिरण्याच्या जागा मोजतात. गाव मात्र निवडावं ते आठवड्यातल्या साध्या संध्याकाळीवरून, असं मला मनापासून वाटतं. गाडी न काढता, काही न ठरवता, नुसत्या चपला अडकवून आजोबा, सूनबाई आणि सहा वर्षांचं पोर एकत्र कुठं जाऊ शकतात, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर वाई सरळ पुढे आहे, कारण वाईला घाट आहेत. कृष्णेच्या काठानं गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी असे सात घाट. गावातल्या बहुतेक जुन्या आळ्यांतून नदी पायी पाच-दहा मिनिटांवर. संध्याकाळी साडेपाच-सहाला गणपती घाटावर जाऊन बघा. पायऱ्यांवर म्हातारी माणसं टेकलेली, पोरांची वर-खाली पळापळ, कुणी देवळातून येतंय, कुणी भेळ घेऊन बसलंय. पाय दुखणाऱ्या आजीला बसायला दगडी कट्टा, मुलाला पळायला मोकळी जागा आणि आईला दोन शब्द बोलायला शेजारीण, हे सगळं एकाच ठिकाणी आणि फुकट. शहरात याच्यासाठी आपण बागेची तिकिटं काढतो.

समोरच ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली हे देऊळ बांधलं. दर्शन झालं की मुलांना मागच्या बाजूला जरूर न्या. देवळाची मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती बांधली आहे, पुराचं पाणी दोन्ही अंगांनी फुटून निघावं म्हणून. कृष्णा अंगणापर्यंत येणार हे बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. वाईत घर शोधणाऱ्यानंही ती भिंत ध्यानात ठेवावी, त्याबद्दल पुढे सांगतो.

हिवाळ्यात माघ-फाल्गुनाच्या सुमारास कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. प्रत्येक घाटाचा, म्हणजे प्रत्येक आळीचा उत्सव वेगळा. कीर्तनं होतात, प्रसादाच्या पंगती उठतात. नवं बिऱ्हाड आलं असेल तर आळीत ओळख होण्याचा याहून सोपा मार्ग नाही. वाढायला उभं राहिलं की झालं! शिवाय निवृत्त वडिलांसाठी वाईत आणखी एक गोष्ट आहे, वाचण्या-ऐकण्याची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं केलं. लोकमान्य टिळकांच्या नावाचं जुनं ग्रंथसंग्रहालय आहे आणि मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. संध्याकाळी चालत जाऊन व्याख्यान ऐकता येईल अशी तालुक्याची गावं महाराष्ट्रात आता मोजकीच उरली आहेत.

भोरची संध्याकाळ शांत. 2011च्या जनगणनेत वाईची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती आणि भोरची 18 हजारांच्या, म्हणजे जवळपास निम्मी. तो फरक पहिल्याच दिवशी कळतो. चौपाटीपासून बाजारपेठेतून राजवाड्यापर्यंत रमतगमत गेलं तरी गाव लवकर संपतं. दुकानदार दुसऱ्या खेपेला नाव विचारतो आणि तिसऱ्या खेपेला आईच्या गुडघ्याची चौकशी करतो. पंतसचिवांच्या संस्थानाची ही राजधानी. त्यांचा लाकडी खांबांचा, चौकांचा राजवाडा गावाच्या मधोमध अजून दिमाखात उभा आहे. तिथं चित्रीकरणं चालतात, तेव्हा आत सोडतीलच असं नाही. रामनवमीला मात्र सारं गाव तिथं लोटतं. नीरा नदी गावालगत आहे, पण वाईच्या घाटांसारखा रोजचा राबता तिथं नाही. ज्यांना गजबज नको, दिवेलागणीनंतर अंगणात बसून डोंगर बघणं पुरतं, त्यांना भोर लगेच मानवेल. बोलघेवड्या आई-वडिलांना तिथली शांतता पहिले काही महिने तरी जड जाईल.

पुण्याला जायचं झालं की पारडं फिरतं.

भोर ते स्वारगेट अंतर साधारण 50 किलोमीटर. कापूरहोळला हमरस्त्याला लागलं की खेड शिवापूरचा टोलनाका आणि पुढे कात्रज. एसटीच्या विनाथांबा गाड्या आहेत आणि रोज पुण्याला जाऊन-येऊन नोकरी करणारे लोक भोरात आजही आहेत. वाईहून हेच अंतर 85 किलोमीटरच्या घरात जातं आणि मधे खंबाटकीचा डोंगरी घाट येतो. पुण्याकडे जाताना बोगदा असल्यानं सकाळ बरी जाते. परतताना घाट चढावा लागतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी किंवा सलग सुट्ट्यांच्या तोंडावर तिथं एखादा ट्रक बंद पडला की जेवणाची वेळ रस्त्यातच टळते. आठवड्यातून एकदा जायचं असेल तर वाई सोसते. तीनदा जायचं असेल तर भोरच घ्या, उगाच मनाची समजूत घालू नका. जो माणूस रात्री साडेनवाला दमून घरी पोचतो, त्याच्या नशिबी नदीघाटावरची संध्याकाळ येतच नाही. रेल्वे दोन्हीकडे नाही. वाईकरांना वाठार स्टेशन गाठावं लागतं, भोरकरांना सरळ पुणेच.

आता रविवार. इथं दोन्ही गावं श्रीमंत आहेत, पण श्रीमंतीची जात वेगळी.

वाईचं फिरणं सोपं आहे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोघांनाही झेपतं. मेणवली तीन-चार किलोमीटरवर. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे नदीवर उतरणारा घाट आणि तिथल्या छोट्या देवळीत टांगलेली भली थोरली पोर्तुगीज घंटा, वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली. वाई-मेणवली हा रस्ता कुटुंबानं सायकलीवर करण्याजोगा आहे, फक्त सकाळी लवकर निघा. थोडं पुढे धोम. धरणापेक्षा मला तिथलं नृसिंहाचं देऊळ अधिक आवडतं. अंगणात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे आणि त्यात दगडी कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभा. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघालंय असंच वाटतं. मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत.

पसरणीचा घाट चढला की 12-13 किलोमीटरवर पाचगणी. वाईत राहण्याचा खरा फायदा असा की पाचगणीला रविवारी जावं लागत नाही. महाबळेश्वरकडे जाणारी गर्दी वाईतूनच वर चढते, मे महिन्यात आणि नाताळात तर गावातल्या चौकातच गाड्यांच्या रांगा लागतात. वाईकर बुधवारी दुपारी वर जातात, टेबललँडवर वारा खातात, मोसमात स्ट्रॉबेरी घेतात आणि दिवे लागायच्या आत खाली येतात. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड असतं, म्हणजे नवसाच्या मानकऱ्याला वर टांगून नेणारा गाडा. भैरवनाथाच्या नावानं बैलांच्या जोड्या बदलत बदलत ओढत आणलेलं ते प्रचंड लाकडी बगाड एकदा तरी बघावं, पण लहान मुलाला खांद्यावर घेऊन गर्दीच्या कडेनंच.

भोरचं फिरणं अंगमेहनतीचं, आणि माझ्या दृष्टीनं जास्त सुंदर. हे हिरडस मावळ आणि रोहिडखोरं. गावापासून जवळच बाजारवाडीतून रोहिडा किल्ला चढता येतो, दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो सहज जमतो. रायरेश्वराला कोर्ले गावाच्या वरच्या खिंडीपर्यंत गाडी जाते आणि पुढे कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. वर मोठं पठार, त्यावर जंगमांची वस्ती आणि शंभू महादेवाचं साधं देऊळ. शिवरायांनी इथं स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरेची श्रद्धा आहे. पावसाळा ओसरताना पठारावर फुलांचे गालिचे पसरतात. शिड्या चढून वर पोचलेल्या मुलाचा चेहरा कुठल्याच मॉलमध्ये बघायला मिळत नाही. मात्र ज्या घरात आजीला सोबत नेल्याशिवाय पाय निघत नाही, त्यांना हे सगळं गाडीतूनच बघावं लागेल. त्यांच्यासाठी भोरजवळ आंबवडे आहे. नागेश्वराचं देऊळ, गर्द झाडी आणि संस्थानच्या काळातला झुलता पूल. नसरापूरचं बनेश्वरही तसंच सावलीचं, डबा नेण्याजोगं.

भाटघर धरणाचा फुगवटा उन्हाळ्यात फार मोह घालतो. वेळवंडी नदीवरचं हे ब्रिटिश काळातलं धरण. काठाला पाणी उथळ वाटतं आणि चार पावलांवर एकदम खोल होतं. पोहता न येणारी माणसं तिथं बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. काठावर बसा, मासे विकत घ्या, पण मुलांना पाण्यात सोडू नका. भाटघरच नव्हे, धोमच्या फुगवट्यालाही हेच लागू आहे.

दोन्ही गावांना जोडणारा मांढरदेवीचा रस्ता तासा-दीड तासाचा आणि देखणा. पौषात काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत मात्र तिकडे सहज म्हणून जाऊ नये. 2005च्या जानेवारीतल्या चेंगराचेंगरीत तिथं अडीचशेहून जास्त भाविक गेले, आणि तेव्हापासून यात्रेत बंदोबस्त कडक असतो. इतर दिवशी देवी शांतपणे भेटते.

पावसाचा विचार गांभीर्यानं करा. भोरहून पश्चिमेला हिरडोशी, वरंधकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. भाताची खाचरं, धबधबे, धुकं, सगळं आहे, आणि दिवसेंदिवस न वाळणारे कपडेही आहेत. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंद होतो, तेव्हा महाड किंवा शिवथरघळीचा बेत दिवाळीनंतरचा. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर एक पावसाळा भाड्याच्या घरात काढून मगच ठरवा. वाई पाचगणीच्या डोंगरामागे आडोशाला आहे. पाऊस तुलनेनं कमी, धोका पुराचा.

शाळा-कॉलेज दोन्हीकडे जुनी आणि नाव असलेली आहेत. भोरला राजा रघुनाथराव विद्यालय, वाईला द्रविड हायस्कूल आणि किसन वीर महाविद्यालय. मोठ्या दुखण्याला वाईहून सातारा 35 किलोमीटर, भोरहून पुणे. हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण घरात असेल आणि पुण्यातले डॉक्टर बदलायचे नसतील तर हा मुद्दा एकटाच भोरच्या बाजूनं निकाल देतो. बाजारात भोरला इंद्रायणी आणि आंबेमोहोर तांदूळ शेतकऱ्याकडून थेट मिळतो. वाईला हळद आणि कृष्णाकाठची भाजी. घरांचे भाव आणि भाडी वाईत चढी आहेत, पाचगणीच्या शेजाराचा तो परिणाम.

माझा कौल विचाराल तर घरात सत्तरीचे आई-वडील आणि लहान मुलं असतील, पुण्याची फेरी क्वचित असेल, तर वाई. चालती-फिरती तरुण जोडी असेल, मुलं डोंगर चढण्याच्या वयाची असतील किंवा पुण्याशी रोजचा संबंध असेल, तर भोर.

घर बघताना वाईत मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारा की धोमचं पाणी सोडल्यावर नदी कुठवर आली होती. जुन्या आळ्यांतली माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. नदीजवळचं घर घ्यायचंच असेल तर पूररेषेची चौकशी नगरपालिकेत करा आणि पहिला मजला घ्या. भोरात घर बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जा. भिंतीला ओल धरते का, मोबाइलची रेंज खोलीत येते का आणि मुसळधार पावसात वीज किती वेळ जाते, हे तेव्हाच कळतं. घरून काम करणाऱ्यानं इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.